लॉकमधलं जहाज आणि गळ्यातला दोरा

कॅनडातल्या तळ्यांवरून मुलाचा व्हिडिओ कॉल आला की आमच्या मेसमधलं काम पाच मिनिटं थांबतं. पोळ्या लाटणाऱ्या मावशी लाटणं हातात धरूनच मोबाइलसमोर येतात, सासूबाई पदरानं चष्मा पुसतात आणि मी गॅस बारीक करते. शिकवण्यांसाठी लातूरला आलेल्या मुलींची मेस आहे माझी. कुणाला कांदा चालत नाही, कुणाचा सोमवार असतो, कुणाचा डबा हॉस्टेलवर पाठवायचा, भाजी किती आणायची, सिलिंडरचा नंबर कधी लावायचा, या सगळ्याच्या याद्या फ्रिजवर चिकटवलेल्या असतात. कामं लिहून काढली की ती लहान होतात, असा माझा अनुभव आहे.

नोव्हेंबरातल्या त्या फोनवर मुलगा खुशीत होता. लातूरची सगळी पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला धावतात, हा जहाजावर गेला. मोठ्या मालवाहू जहाजावर शिकाऊ अधिकारी आहे. त्याचं जहाज समुद्र सोडून कॅनडाच्या पार पोटात, तळ्यांच्या टोकाच्या बंदरात वाटाणा भरायला गेलं होतं. थंडी किती, दाढीवर बर्फ कसं जमतं, हे सांगता सांगता तो सहज म्हणाला, "आई, आमच्या एकाला उतरवलं गं मधल्या बंदरात. हॉस्पिटलात हाय."

"काय झालं?"

"जॅकेटच्या टोपीची नाडी विंचमध्ये गेली त्याच्या."

विंच म्हणजे काय ते मला त्याच्या आधीच्या फोनांमुळे माहीत होतं. जहाज बांधायचे जाड दोर ज्या लोखंडी रुळावर गुंडाळतात ते यंत्र. रसवंतीचा चरक कसा फिरतो, तसं. फरक एवढाच की ते ऊस ओढत नाही, जहाज ओढतं.

"मानेपासून ओढला गेला," तो म्हणाला. "कुणीतरी बटण दाबलं म्हणून वाचला. खांद्याचं हाड गेलं. आता बोसन सगळ्यांचे गळे तपासून राहिला. चेन नको, ताईत नको, दोरा नको म्हणतो."

बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. माझी नजर मुलाच्या गळ्याकडं गेली. स्वेटरच्या कॉलरमधून पांढऱ्या दोऱ्याची कड दिसत होती.

माझ्या मागून सासूबाईंचा आवाज आला, "लिंग काढायला सांगून राहिला का त्यो?"

मुलानं कॉलर वर ओढली.

"अप्पा, न्हाई काढायचं बरं का," त्या नातवाला म्हणाल्या. "मुकादमाला म्हणावं, माझ्या अव्वानं बांधलंय."

घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. माहेर त्यांचं किल्लारीजवळचं, सासर देवणीकडचं, त्यामुळं बोलण्यात निम्मी मराठवाडी आणि मधूनच कानडी. आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच लिंग, म्हणजे इष्टलिंग, बांधतात. चांदीच्या लहानशा डबीत ठेवलेलं, शिवदोऱ्यात ओवलेलं, छातीशी. आंघोळीला, झोपेत, प्रवासात, कधीच अंगावेगळं करायचं नाही. अव्वा रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात आणि तोवर तोंडात पाणीसुद्धा घेत नाहीत. लिंग हरवलं की माणूस जिवंतपणी गेला, असं त्यांच्या लहानपणी म्हणत. त्या अजूनही तसंच मानतात.

आणि म्हणूनच मुलाच्या गळ्यातला तो दोरा साधा नव्हता.

तो पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा अव्वांना एकाच गोष्टीची भीती होती. वादळाची नाही, चोराची नाही. दोरा तुटून लिंग समुद्रात पडेल याची. शिवदोरा एरवी सुताचा असतो, वर्षभरात झिजतो, बदलतात. "खारं पाणी सूत खातं," असं कुणीतरी अव्वांना सांगितलं होतं. माझे मिस्टर अडतीवर कामाला आहेत, डाळीच्या बाजारात. पोती शिवायचा नायलॉनचा दोरा त्यांनीच आणून दिला. अव्वांनी सुताच्या पोटात तो नायलॉन घालून असा गोफ विणला, की वरून बघणाऱ्याला सूतच वाटावं. मग खात्री करायला मिस्टरांनी तो खिडकीच्या गजाला बांधला आणि खाली पाण्यानं भरलेली कळशी लटकवली. दोरा ताणला गेला, गज करकरला, पण दोरा तुटला नाही. आम्ही सगळे खूश. मावशींनी तर टाळ्या वाजवल्या.

"ह्यो जन्मात तुटत न्हाई," अव्वा म्हणाल्या होत्या.

कॉल संपल्यावर मी वांगी चिरायला घेतली. आज नेमका तोच दोरा विंचच्या रुळावर दिसत होता मला. त्या जखमी खलाशाच्या जॅकेटची नाडी कापडी होती. शेवटी फाटली तरी असेल. हा फाटणार नव्हता.

जहाज लॉकमधून कसं जातं हे मला मुलानं ऑक्टोबरात, वर चढताना, छोटे छोटे व्हिडिओ पाठवून शिकवलं होतं. तिकडची तळी आपल्या समजुतीतली तळी नाहीत, पलीकडचा काठ दिसत नाही त्यांचा. पण ती सगळी एका उंचीवर नाहीत. एक वर, एक खाली, समुद्र सगळ्यात खाली. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला कालवा आणि त्या कालव्यात एकामागून एक आठ लॉक.

लॉक म्हणजे काँक्रीटची लांबलचक खोली, छप्पर नसलेली, दोन्ही टोकांना लोखंडी दारं असलेली. चढताना जहाज खालच्या दारातून आत येतं, मागचं दार बंद होतं. मग वरच्या बाजूचं पाणी भिंतीच्या पोटातल्या बोगद्यांमधून आत सोडतात. पाणी वाढतं, जहाज त्याच्याबरोबर उचललं जातं. आतलं पाणी वरच्या कालव्याच्या पातळीला आलं की पुढचं दार उघडतं. उतरताना सगळं उलट. वरून आत यायचं, दार लावायचं, खालच्या बाजूला पाणी सोडून द्यायचं, पाण्याबरोबर जहाज चार मजले खाली. पंप कुठंच नाही. पाणी आपल्या वजनानं वरून खाली येतं आणि तेवढ्यावर हजारो टनांचं जहाज चढतं-उतरतं. दारंसुद्धा सरळ उभी नसतात. दोन फळ्या वरच्या पाण्याकडं टोक करून एकमेकींना टेकतात, त्यामुळं पाणी जितकं दाबेल तितक्या त्या घट्ट बसतात. दोन्हीकडची पातळी सारखी झाल्याशिवाय त्या कुणाच्या बापाला उघडत नाहीत.

आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. हौद भरून घ्यायचा, मग मोटर लावून वरच्या टाकीत चढवायचं. पाणी वर न्यायचं म्हणजे लाइट पाहिजे, एवढंच माझं शिक्षण. त्यामुळं पाण्यानंच जहाज वर नेलं हे मला फार आवडलं होतं. अव्वांनी मात्र दुसरंच विचारलं होतं.

"एका जहाजापायी एवढं पाणी खाली सोडतेत?"

"हो."

"आन् ते परत वर आनतेत का?"

"नाही अव्वा. वर तळंच आहे मोठं. पावसाचं, बर्फाचं."

"मग लातूरला एक खोली सोडा म्हनावं. जहाज नगं आमाला."

तेव्हा आम्ही हसलो होतो. मिस्टरांचे अडतीवरचे मित्र तर भेटले की चिडवायचे, "वहिनी, पोराला सांगा, तिकडचा वाटाणा तिकडंच राहू द्या. इथं आमच्या तुरीला कोण विचारून नाही राहिलं!" ऑक्टोबरात सगळं हसण्यावारी जात होतं.

आता मला दोर आठवत होते. जहाज त्या खोलीत आलं की दोन्ही बाजूंना हातभरसुद्धा जागा उरत नाही. पाणी सोडलं की जहाज पुढंमागं सरकतं. सरकून दारावर आपटू नये म्हणून त्याला धरून ठेवावं लागतं. काही लॉकमध्ये आता भिंतीतून निघालेल्या यंत्राच्या गाद्या जहाजाच्या अंगाला चिकटून बसतात आणि त्याच्याबरोबर खालीवर होतात. जिथं ती सोय नाही किंवा बंद आहे, तिथं दोर. उतरताना ते अवघड, असं मुलानंच सांगितलं होतं. जहाज खाली जातं, दोराचं दुसरं टोक वर भिंतीवर असतं. विंचवरचा माणूस जरा जरा दोर सोडत राहतो. सोडायचा राहिला तर जहाजच दोराला लटकायला लागतं. मग दोर तुटतो, आणि तुटलेला दोर ज्या बाजूला येतो तिथं कुणी उभं असू नये.

माझा मुलगा त्याच बाजूला उभा असतो. ते त्याचं काम आहे.

त्या संध्याकाळी मी अव्वांशी बोलले. सरळच बोलले.

"अव्वा, लॉकमधून उतरेपर्यंत त्याला डबी खिशात ठेवू द्या. छातीवरच्या खिशात. चेन असते त्याला."

"खिसा म्हंजे पिशवी. अंगाला लागलं पायजे."

"पण तो दोरा तुटत नाही अव्वा."

"तुटत न्हाई म्हनूनच तर बांधलाय!"

"विंचमध्ये गेला तर?"

"अय्यो शिवा," त्या म्हणाल्या आणि कानांवर हात ठेवला. "तसलं बोलू नगंस. आन् लिंग काढल्यावर काही झालं त्याला, मग काय करशील? मी त्याला बिनलिंगाचं जाऊ देऊ? तू देशील?"

विज्ञान माझ्या बाजूला होतं, पण भीती आमच्या दोघींची सारखीच होती, फक्त तिचं तोंड उलट्या दिशेला होतं. तो दोरा ठेवेल म्हणून मला धास्ती होती, काढेल म्हणून त्यांना.

मिस्टर जेवता जेवता म्हणाले, "दोघी मिळून पोराला घाबरवू नका. त्याचं त्याला कळतं." मग बराच वेळ भाकरी तशीच ताटात. त्यांचा हात शर्टाच्या वरच्या बटणापाशी, स्वतःच्या शिवदोऱ्यावर गेला होता. नायलॉनचा दोरा त्यांनी आणला होता, कळशी त्यांनी लटकवली होती.

मी मुलाला गुपचूप मेसेज केला. 'अव्वाचं मनावर घेऊ नको. उतरताना दोरा काढून तुझ्या खोलीत ठेव.' उत्तर आलं ते माझा धीर घालवणारं होतं. 'आई, अव्वाला सांगू नको. वर चढताना एकदा काढून बघितला होता. छाती रिकामी रिकामी वाटली. हातच चालेनात. तसं काम करणं जास्त डेंजर.' मी पुन्हा लिहिलं, 'मग कुणाला तरी बदली उभं कर.' त्यावर एकच खूण राहिली. दुसरी उमटली नाही. जहाज तळ्याच्या मध्यावर गेलं होतं आणि तिथं फोन लागत नाही.

तीन दिवस ती एक खूण मी बघत होते. भाजी आणायला गेले तरी, हिशेबाला बसले तरी. माझं माहेर नांदेडचं, गोदावरीच्या जवळ. पावसाळ्यात वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजायचा आणि आम्ही मुली घाटावर पळायचो. बघता बघता पाणी एकेक पायरी गिळायचं. पाणी आपोआप वाढत नाही, कुठंतरी एक माणूस बटण दाबतो, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्या माणसाला घाटावरचं कुणी दिसत असेल का, असं मी वडिलांना विचारलं होतं. "म्हणून तर भोंगा असतो," ते म्हणाले होते. त्या तीन दिवसांत मला वाटत राहिलं की विंचवर उभ्या असलेल्या माणसालाही माझ्या मुलाचा गळा दिसत नसणार. आणि तिथं भोंगा कुणासाठी वाजणार?

जहाज कुठं आहे ते दाखवणारा नकाशा मोबाइलवर मिळतो. आमचं जहाज म्हणजे निळ्यावर एक हिरवं टोक. चौथ्या दिवशी दुपारी ते टोक कालव्याच्या तोंडाशी येऊन थांबलं. तिकडं सकाळ होत होती. त्या कालव्याच्या काही लॉकवर कॅमेरे आहेत, कुणालाही बघता येतात. चित्र सलग हलत नाही, थोड्या थोड्या वेळानं बदलतं. मी मोबाइल स्वयंपाकघरात डब्यांच्या मांडणीला टेकवून ठेवला. संध्याकाळची घाई होती. पहिल्या पंक्तीच्या मुली आल्या होत्या, आमटीला उकळी येत होती.

"ताई, पोळी करपली," मावशी म्हणाल्या. "जहाज काय, पोचायचं तवा पोचंल."

"मावशी, तुम्ही लाटा."

"लाटून राहिले की. भाजायला तुम्ही हाव ना?"

पहिल्या लॉकचं चित्र आलं. काठोकाठ पाणी आणि त्यात आमचं जहाज, लाल बुडाचं, भिंतींच्या वर ताडमाड उभं. पुढच्या टोकावर नारिंगी कपड्यांतली दोन-तीन माणसं, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यातला कुठला माझा ते कळायला मार्ग नव्हता. अव्वा स्टूल ओढून मोबाइलसमोर बसल्या होत्या. चित्र बदललं. जहाज जरा खाली. पुन्हा बदललं. आणखी खाली. डेक भिंतीच्या कडेला आला, मग कडेखाली गेला, नारिंगी दाणे दिसेनासे झाले.

"बुडून राहिलं की गं!" अव्वा ओरडल्या. जेवणाऱ्या मुली वळून बघायला लागल्या.

"बुडत नाही अव्वा. पाणी सोडलं ना खाली? पाण्याबरोबर उतरतंय."

"भिंती वाढून राहिल्यात बघ दोन्हीकडून."

त्या असं का म्हणाल्या ते मला कळलं. किल्लारीच्या भूकंपात त्यांच्या माहेरच्या घरांच्या दगडी भिंती खाली आल्या होत्या. तेव्हापासून त्या भिंतीला लागून झोपत नाहीत, खाट खोलीच्या मधोमध ओढून घेतात. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"हे बघा, दार उघडलं. बघा, बाहेर निघालं."

जहाज निघालं. आम्ही श्वास सोडला. दुसऱ्या लॉकवर कॅमेरा नव्हता, तिथं हिरवं टोकच बघावं लागलं. तेही पुढं सरकलं. मग तिसरं.

तिसऱ्यात चित्र आलं तेव्हा जहाज अर्धं उतरलेलं होतं. भिंतीवर ओल्या शेवाळाचा काळा पट्टा असतो, त्यावरून किती उतरलं ते कळतं. पुढचं चित्र आलं. पट्टा तेवढाच. त्याच्या पुढचं. तेवढाच. पाणी सोडायचं थांबवलं होतं. मग भिंतीवरच्या रस्त्यावर एक गाडी आली, टपावर पिवळा दिवा असलेली. पुढच्या चित्रात गाडीचं दार उघडं होतं आणि दोन माणसं कडेला वाकून खाली, खोलीत, बघत होती.

"काय बघून राहिलेत ते?" अव्वांनी विचारलं.

"माहीत नाही."

"खाली काय हाय?"

खाली डेक होता. खाली विंच होतं. मी मेसेज उघडला, ती एक खूण तशीच होती. परत कॅमेऱ्यावर आले तर चित्रच यायचं थांबलेलं. गोल गोल फिरणारी रेघ. मागून एक मुलगी म्हणाली, "काकू, आमटीत मीठ नाही." मी मीठ टाकलं. थोड्या वेळानं दुसरी म्हणाली, "काकू, खारट झाली." मावशींनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि मला मागच्या दारी पायरीवर बसवलं.

शेवटी नकाशावरचं हिरवं टोक हललं. जहाज निघालं होतं. पण जहाज निघालं म्हणजे त्यावरची सगळी माणसं त्यावर आहेत, असं काही नकाशा सांगत नाही. मधल्या बंदरात उतरवलेल्या त्या खलाशाला सोडूनसुद्धा जहाज पुढं गेलंच होतं ना. मिस्टर घरी आले, त्यांनाही मी एवढंच सांगितलं की आठातले तीन झाले. ती रात्र कशी गेली हे लिहिण्यासारखं नाही.

सकाळी दूधवाला येऊन गेला आणि फोन वाजला. मुलगाच होता. डोळे सुजलेले, हातात चहाचा मग. कालव्यात कामावर असताना फोन बंद ठेवायचा असतो; कालवा संपल्यावर, काठ सुटायच्या आत त्यानं तो सुरू केला होता.

"तिसऱ्यात काय झालं?" मी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"तुला कसं कळलं?" तो चकित. मग म्हणाला, "मागच्या बाजूचा दोर अडकला गं रुळावर. सुटेचना. जहाज खाली चाललं, दोर ताठ झाला, असा आवाज करायला लागला, हूं करून. सगळे पळाले. लॉकवाल्यांनी पाणी थांबवलं म्हणून बरं. मी पुढच्या बाजूला होतो."

"दोरा?" अव्वांनी विचारलं. त्या पूजा सोडून उठून आल्या होत्या. "गळ्यातला?"

"होता की अव्वा. आठही लॉक. जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली, मुकादमाला दिसलाच नाही."

मला वाटलं, अव्वा आता माझ्याकडं बघून हसतील. त्या जिंकल्या होत्या. पण त्या हसल्या नाहीत. काल त्यांनी भिंती बघितल्या होत्या, कडेला वाकलेली माणसं बघितली होती.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "त्या चरकात गेला असता तुझा दोरा, तर तुटला असता का?"

मुलगा हसला. तो आपला चिडवायच्या मूडमध्ये होता. "तू केलेला? अव्वा, त्यानं जहाज बांधता येईल!"

कुणीच हसलं नाही. मिस्टर दाढी करता करता बाहेर आले होते, गालाला साबण तसाच. अव्वा मोबाइलकडं बघत राहिल्या. त्यांचा एक हात स्वतःच्या छातीवरच्या डबीवर होता, मूठ घट्ट आवळलेली.

"अजून हायेत का तसल्या खोल्या?"

"हायेत. समुद्रापर्यंत अजून बऱ्याच. परवापासून."

"सुई-दोरा हाय का जहाजावर?"

"बटण लावायचा आहे माझ्याकडं."

"आन. आन् कात्री."

"अव्वा?" मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

तो उठून कात्री घेऊन आला. मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला असावा, कारण आता तो कमरेपर्यंत दिसत होता. अव्वा एकेक सांगत गेल्या. आधी हात धू. लिंग डाव्या तळहातावर घे. मूठ मिटू नको, पण पडूही देऊ नको. आता काप. कात्रीनं नायलॉन लवकर कापला गेला नाही, तो दोनदा थांबला. कापला गेला तेव्हा अव्वांनी डोळे मिटले. त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांनी कुणाला हे करायला सांगितलं नव्हतं.

"बटणाचा दोरा घे. दोन पदर. तिसरा न्हाई."

"दोन पदर लगेच तुटंल अव्वा."

"ओढून दाखव."

त्यानं एक टोक दातात धरलं आणि उजव्या हातानं झटका दिला. पट्कन तुटला. इतक्या लांबूनही तो आवाज आला.

"हां," अव्वा म्हणाल्या. "असाच बांध."

आता माझं डोकं चालायला लागलं. "ऐक," मी म्हटलं, "आतला बनियन पँटमध्ये नीट खोच, वर बेल्ट लाव. दोरा तुटला तरी डबी बनियनमध्येच राहील, खाली पडणार नाही. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी बघायचं. जादा दोरा खिशात ठेवायचा." मी बोटांवर मोजत सांगत होते. अव्वा माझ्या प्रत्येक बोटाला मान हलवत होत्या.

"बांधतो," तो म्हणाला. उघड्या तळहातावर लिंग, दुसऱ्या हातात सुईत न ओवलेला दोरा. आणि तिथंच चित्र गोठलं. नेटवर्क गेलं.

अव्वा तशाच बसल्या. पूजा अर्धी राहिली होती. मी चहा ठेवला, त्यांनी घेतला नाही. नाश्त्याच्या मुली आल्या, पोहे खाऊन गेल्या. मी भांडी विसळता विसळता मोबाइलकडं बघत होते आणि आता मला नवीनच भीती वाटत होती. विंचची नाही, दोन पदरांची. लिंग त्याच्या हातातून निसटलं असेल तर? अव्वांची भीती मला लागली होती, आणि माझी त्यांना.

भाजीवाली येऊन गेल्यावर फोटो आला. मुलाचा गळा आणि छातीचा वरचा भाग. दोरा इतका बारीक की आधी दिसलाच नाही. मी बोटांनी फोटो मोठा केला, तेव्हा एक पांढरी रेघ दिसली आणि तिच्या टोकाला डबी. बनियन खोचलेला होता.

मी मोबाइल अव्वांसमोर धरला. त्यांनी चष्मा लावून खूप वेळ बघितलं.

"लई बारीक झाला गं," त्या म्हणाल्या.

मी वाट बघितली. बदलायला सांग, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी मोबाइल माझ्याकडं दिला, भिंतीचा आधार न घेता उठल्या आणि अर्धी राहिलेली पूजा पुरी करायला आत गेल्या.